सोसायटी ग्रुप: शनिवारी हॉलमध्ये कोणकोणती मुलं होती?

सोमवार, संध्याकाळ

शिल्पा बी-503: नमस्कार. सी विंगमधल्या एका मुलाला गोवर निघालाय, हे मला आत्ता लिफ्टमध्ये तिसऱ्याच माणसाकडून कळलं. तो मुलगा शनिवारी वाढदिवसाला हॉलमध्ये होता. मीरा सात महिन्यांची आहे. तिला कडेवर घेऊन मी तिथेच उभी होते. ग्रुपवर एक ओळ टाकता आली नसती का? शनिवारी हॉलमध्ये कोणकोणती लहान मुलं होती, कृपया यादी द्या.

मंगेश बी-102: बापरे. कोणाकडे?

जोशी काकू ए-204: काळजी घे गं शिल्पा. दाराला कडुलिंबाचा डहाळा लाव. 🙏

घारपुरे काका ए-101: एवढं घाबरण्यासारखं काही नाही. आम्ही पाच भावंडं. एकाच पंधरवड्यात पाचही जणांना गोवर आला होता. आईने अंथरुणात कडुलिंबाचा पाला घातला, घरात फोडणी दिली नाही. आठवड्याने सगळे अंगणात खेळत होतो. तेव्हा कुठे होत्या लसी?

देशमुख सी-702: मागच्या साइटवरच्या मजुरांची मुलं दिवसभर आपल्या कंपाउंडमध्ये फिरत असतात. हे होणारच होतं. मी एजीएमला हा मुद्दा मांडला होता, मिनिट्समध्ये आलाच नाही.

पाटील (सेक्रेटरी): आला आहे देशमुख साहेब. पान 3 बघावे.

शिल्पा बी-503: शनिवारी हॉलमध्ये कोणकोणती लहान मुलं होती? यादी द्या प्लीज.

संतोष राऊत सी-201: आडून बोलण्यापेक्षा मीच सांगतो. आमचा अर्णव. शुक्रवारी ताप, नाक गळत होतं, डोळे लाल. औषधाने ताप उतरला म्हणून शनिवारी थोडा वेळ वाढदिवसाला आणलं. पुरळ उठलं रविवारी सकाळी, आधी कानामागे, मग चेहऱ्यावर. आज दुपारी डॉक्टर म्हणाले गोवरच दिसतोय, रक्ताचा नमुना घेतलाय. दोन रात्री त्याची आई डोळ्याला डोळा लावून झोपलेली नाही. आणि इथे वाचतोय की आम्ही लपवलं.

शिल्पा बी-503: दादा, लपवलं असं मी म्हटलेलं नाही. अर्णवला लवकर बरं वाटू दे. पण मला यादी हवी आहे.

मंगेश बी-102: गेट वेल सून अर्णव. बाय द वे, परवा आमच्या छोट्याला शाळेतून चिठ्ठी आली, "गालगुंडाची साथ आहे". आमच्या मातोश्रींनी वाचलं "गुलकंदाची साथ". म्हणाल्या, आमच्या वेळी नव्हती बाई अशी साथ 😄

जोशी काकू ए-204: 😄😄

शिल्पा बी-503: मंगेश, आत्ता नको रे.

डॉ. मेधा ए-402: आत्ता ओपीडी संपली, सगळं वाचलं. आधी शिल्पा, तू मला फोन कर, लगेच. बाकीच्यांनी हे नीट वाचा.

गोवराचं मूल पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून ते चार दिवस नंतरपर्यंत दुसऱ्याला आजार देऊ शकतं. म्हणजे शनिवारी हॉलमध्ये होते त्यांचा संपर्क झाला असं धरायचं. विषाणू हवेतून पसरतो आणि माणूस निघून गेल्यावरही बंद जागेत दोन तासांपर्यंत टिकू शकतो. आजाऱ्याच्या जवळ गेलो नव्हतो, हे पुरेसं नाही.

संपर्कापासून 72 तासांच्या आत लस मिळाली तर ज्यांची लस राहिली आहे त्यांचा गोवर टळू शकतो, निदान सौम्य जाऊ शकतो. वाढदिवस शनिवारी संध्याकाळी होता. आपल्या हातात उद्या संध्याकाळपर्यंतचा वेळ आहे. म्हणून शिल्पा यादी मागते आहे. कृपया द्या.

सायली ए-502: वाढदिवस आमच्या रेवाचा होता. यादी मी करते. आठवतील तशी नावं टाकते, कोणी राहिलं तर भर घाला.

घारपुरे काका ए-101: डॉक्टरांचा मान राखून सांगतो, आमच्या घरी पाचही भावंडांना गोवर आला आणि काही झालं नाही. नैसर्गिक प्रतिकारशक्ती जन्मभर टिकते. लसीबद्दल हे वाचा.

घारपुरे काका ए-101: (अनेक वेळा फॉरवर्ड केलेले) सावधान!! एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) लस आणि ऑटिझम, जे डॉक्टर तुम्हाला कधीच सांगणार नाहीत...

आर्याची आई ए-303: मेधा मॅडम, मध्येच विचारते, सॉरी. आर्या ऑगस्टमध्ये एमएसला अमेरिकेला जाते आहे. युनिव्हर्सिटी एमएमआरच्या दोन डोसांचा पुरावा मागते. तिच्या कार्डावर नवव्या महिन्याला गोवर आणि पंधराव्या महिन्याला एमएमआर एवढंच आहे. चालेल का?

देशमुख सी-702: राऊत, मुलाला लस दिली नव्हती का? स्पष्ट विचारतो, राग मानू नका.

संतोष राऊत सी-201: पहिला डोस झालाय, नऊ महिन्यांचा. दुसरा राहिला. तेव्हा आम्ही गावी होतो, वडील आजारी होते. परत आल्यावर आशाताई दोनदा घरी यायला निघाल्या होत्या, हिच्याकडे त्यांचा फोनही आहे. दोन्ही वेळा त्यांना गेटवरून परत पाठवलं. "सेल्समन, सर्व्हे, वर्गणी यांना प्रवेश नाही." हा ठराव कोणी मांडला होता देशमुख साहेब?

पाटील (सेक्रेटरी): वॉचमनने नियमाप्रमाणे केले आहे. त्याला दोष देऊ नये ही विनंती.

संतोष राऊत सी-201: वॉचमनला कोण दोष देतंय? मी ठरावाबद्दल बोलतोय.

देशमुख सी-702: ठराव एकमताने झाला होता. सह्या सर्वांच्या आहेत. तुमचीही आहे.

वैशाली सी-604: घारपुरे काका, तुमचा फॉरवर्ड वाचला. ओमला तुम्ही रोज लिफ्टमध्ये हाय करता, तो तुमच्या छत्रीला हात लावतो, तुम्हीही लावू देता. म्हणून तुम्हालाच सांगते.

ओम स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे. आठव्या महिन्यात नावाने हाक मारली तर वळायचा नाही, पंख्याकडे बघत राहायचा. माझ्याकडे तेव्हाचे व्हिडिओ आहेत. गोवराची पहिली लस त्याला त्यानंतर दिली. वर्षानुवर्षं लोक मला विचारतात, लस दिली होती का गं? म्हणजे चूक माझीच. "लस घेऊ नका, मूल असं होईल" याचा अर्थ मला ऐकू येतो तो असा: मूल गोवराने गेलं तरी चालेल, ओमसारखं नको. माझ्या मुलाचा बागुलबुवा करू नका.

सुलभा काकू बी-301: वैशाली ❤️

घारपुरे काका ए-101: (हा मेसेज डिलीट केला गेला आहे)

डॉ. मेधा ए-402: वैशाली, बरं झालं लिहिलंस.

हे फॉरवर्ड पुन्हा येतील, म्हणून सगळ्यांसाठी. ही भीती 1998 साली लंडनच्या अँड्र्यू वेकफिल्ड या डॉक्टरने लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या लेखातून पसरली. त्यात मुलं होती फक्त 12. पुढे त्यातली माहिती फिरवलेली निघाली, लस कंपन्यांविरुद्ध खटला लढणाऱ्या वकिलांकडून त्याने पैसे घेतल्याचं बाहेर आलं. 2010 मध्ये लॅन्सेटने लेख मागे घेतला आणि त्याच वर्षी त्याचं नाव तिथल्या डॉक्टरांच्या नोंदणीतून काढलं. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांचा अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. एमएमआर घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत ऑटिझमचा फरक नाही.

लसीने काहीच होत नाही असं मी म्हणणार नाही. हात दुखतो. आठवड्याभराने ताप येऊ शकतो, काहींना बारीक पुरळ उठतं. क्वचित तापात झटका येतो. हे आई-वडिलांना आधी सांगितलं पाहिजे, मी सांगते.

आर्याची आई: एमएमआरचा आणखी एक डोस लागेल, तिच्या कार्डावर गालगुंड आणि रुबेला एकदाच झालंय. दोन डोसांत किमान 28 दिवस हवेत, ते अंतर केव्हाच झालंय. क्लिनिकला पाठवा.

कुलकर्णी ए-401: डॉक्टर, आमच्या सूनबाईंना पाचवा महिना आहे. त्या शनिवारी पंधरा मिनिटं हॉलमध्ये होत्या. त्यांनी लस घ्यावी का?

डॉ. मेधा ए-402: नाही. गरोदरपणात ही लस देत नाहीत, ती जिवंत विषाणूंची असते. आज रात्रीच त्यांच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना फोन करा, "गोवराच्या रुग्णाशी संपर्क" असंच सांगा. लहानपणी लस झाली होती का, हे माहेरी विचारा. गरज पडली तर रक्त तपासून प्रतिकारशक्ती बघतील.

घरोघरी हा घोळ होतो म्हणून सांगते. रुबेला वेगळा. तो मुलांना किरकोळ जातो, पण आईला सुरुवातीच्या महिन्यांत झाला तर बाळाला मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयदोष होऊ शकतात. आपल्या मुली-सुनांसाठी तो डोस लग्नाआधीच पूर्ण हवा. लस घेतल्यावर महिनाभर दिवस राहू देऊ नयेत.

देशमुख सी-702: पण मूळ प्रश्न राहतोच. साइटवरच्या मुलांकडून आला की नाही?

सुलभा काकू बी-301: देशमुख भाऊ, त्या मुलांचा रविवारचा वर्ग मी घेते, तेव्हा मी बोलते. पत्र्याच्या खोलीत खिळ्याला प्लॅस्टिकची पिशवी टांगलेली असते. त्यात रेशनकार्ड, आधार आणि पोरांची लसीकरणाची कार्डं. मागे एका बाईने पिशवी उतरवून मला दाखवली, परभणीकडची आहे. दोन्ही पोरांचे एमआरचे, म्हणजे गोवर-रुबेलाचे, दोन्ही डोस, तारखेसकट. एक डोस गावच्या उपकेंद्रातला, एक इथल्या अंगणवाडीतला. त्यांच्या दारात आशाताई जाऊ शकतात. आपल्या दारात नाही.

देशमुख सी-702: एका बाईवरून सगळ्यांचं ठरवू नये.

सुलभा काकू बी-301: तेच म्हणते मी.

सायली ए-502: यादी: रेवा ए-502, अर्णव सी-201, मीरा बी-503, ईशान आणि अन्वी बी-204, स्वरा सी-403, मंगेशचा कबीर, वॉचमन दादांची दोन मुलं (केक खायला बोलावलं होतं), ए-601 कडे आलेली भाची. आणखी कोणी?

शिल्पा बी-503: सायली, खूप आभार. यांच्यापैकी कोणाकोणाचे दोन्ही डोस झालेत?

बी-204 नेहा: हे ग्रुपवर सांगणं बंधनकारक आहे का? आमच्या मुलांची वैद्यकीय माहिती आहे ही.

पाटील (सेक्रेटरी): नेहा मॅडम, बंधनकारक नाही. मेधा मॅडमना वैयक्तिक कळवावे.

मंगेश बी-102: कबीरचे दोन झालेत, सरकारी दवाखान्यात. मग त्याला गालगुंड होणार नाही ना? सिरीयसली विचारतोय. शाळेत साथ आहे.

डॉ. मेधा ए-402: होऊ शकतो मंगेश. सरकारी कार्यक्रमात एमआर आहे, गोवर आणि रुबेला. गालगुंड त्यात नाही. बालरोगतज्ज्ञांची संघटना एमएमआर सुचवते: 9 महिने, 15 महिने आणि 4 ते 6 वर्षं. कबीर पाचचा आहे, त्याला एमएमआर देता येईल. पण गोवरासाठी सरकारी दोन डोस पुरेसे आहेत, त्यात काही कमी नाही. नऊ महिन्यांच्या एका डोसाने शंभरातली साधारण 85 मुलं सुरक्षित होतात, दोन डोसांनी 97. अर्णव त्या उरलेल्यांतला निघाला.

घारपुरे काका ए-101: मी फॉरवर्ड काढला आहे. कोणाला दुखावण्याचा हेतू नव्हता. माझा मुद्दा एवढाच की आम्ही पाचही भावंडं त्यातून बरे झालो.

घारपुरे काकू ए-101: अहो, पाच नव्हे, सहा होतात तुम्ही. सगळ्यात धाकटी कुसुम त्याच साथीत गेली. गोवर ओसरला आणि छातीत कफ भरला. सासूबाई माझ्याजवळ कितीदा बोलल्या आहेत. तुम्ही चार वर्षांचे होतात, तुम्हाला आठवत नाही.

सुलभा काकू बी-301: 🙏

कुलकर्णी ए-401: 2022 ला गोवंडीत हेच झालं. मी तेव्हा मुंबईत होतो. कस्तुरबा रुग्णालयात लहान लहान मुलं दाखल होती, मृत्यू झाले. कोविडच्या काळात कितीतरी मुलांचे डोस हुकले होते.

राऊत वहिनी सी-201: मेधाताई, अर्णवला काय काय देऊ? आई म्हणतात नुसती पेज दे, आंघोळ नको.

डॉ. मेधा ए-402: पेज दे, वरणभात दे, दूध, फळं, मागेल ते दे. फोडणीचंही चालेल. पाणी सतत. अंग कोमट पाण्याने पुसून घे. कडुलिंब ठेवायचा तर ठेव, त्याने बिघडत नाही. जीवनसत्त्व अ चे दोन डोस लागोपाठ दोन दिवस असतात, ते दिलेत का डॉक्टरांना विचार. श्वास जोरात चालला, कान दुखला, मूल सुस्त पडलं तर रात्री दोन वाजता पण मला उठव. गुरुवारपर्यंत त्याला घराबाहेर काढू नकोस.

राऊत वहिनी सी-201: हो ताई.

मंगळवार, सकाळ

जोशी काकू ए-204: शुभ सकाळ 🌹 आजचा सुविचार...

शिल्पा बी-503: काल रात्री मेधाताईंशी बोलले, आत्ता आमच्या डॉक्टरांकडे मीराला डोस दिला. घरात किंवा शेजारी गोवर असेल तर सहा महिन्यांनंतर देतात, पण हा डोस मोजायचा नाही. नवव्या महिन्याला आणि पुढे ठरल्याप्रमाणे पुन्हा द्यायचे. तरी तीन आठवडे ताप-पुरळावर लक्ष ठेवायला सांगितलंय. रात्री ए-601 च्या भाचीचं कोणी कळवलं का? ती कुठल्या गावाला परत गेली?

ए-601: नाशिकला. बहिणीला फोन केलाय, ती दवाखान्यातच आहे. वेळेत कळलं, आभार.

पाटील (सेक्रेटरी): सर्व सभासदांना सूचना. अर्णवच्या डॉक्टरांनी महापालिकेला कळवले आहे. आज 11 वाजता आरोग्यसेविका व आशाताई घरोघरी येतील. पाच वर्षांखालील मुलांची कार्डे तयार ठेवावीत. राहिलेले डोस क्लब हॉलमध्ये विनामूल्य दिले जातील. साइटवरच्या मुलांसाठीही तिथेच. गेटवर अडवू नये असे वॉचमनला लेखी दिले आहे. ठरावाचा विषय पुढील सभेत.

देशमुख सी-702: साइटवरच्या मुलांसाठी आपला हॉल? कमिटीत ठरलं का हे?

वैशाली सी-604: ठरलं. आम्ही चौघे कमिटी मेंबर रात्री बोललो. कोणाला लेखी आक्षेप घ्यायचा तर घ्यावा, अकरानंतर.

घारपुरे काका ए-101: हॉलची किल्ली माझ्याकडे आहे. मी साडेदहाला खाली येतो. खुर्च्या मांडायला दोन जण लागतील.

मंगेश बी-102: मी येतो काका. त्यांची गाडी लागेल, व्हिजिटर पार्किंगमधली सी-702 ची दुसरी कार काढून घ्या प्लीज.

देशमुख सी-702: ती जागा मला कमिटीने दिलेली आहे.

पाटील (सेक्रेटरी): साहेब, तात्पुरती दिली होती.