शब्दचर्चा : ‘हेट क्राइम’ला मराठीत नेमकं काय म्हणावं?

धागाकर्ती

‘द मॅथ्यू शेपर्ड स्टोरी’ हा अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीने मार्च २००२ मध्ये दाखवलेला दूरचित्रपट. आमच्या वाचनमंडळातल्या काही ज्येष्ठांना इंग्रजी संवाद भरभर कळत नाहीत, म्हणून मी त्याचा प्रसंगवार मराठी गोषवारा लिहिते आहे.

घटना खरी आहे. वायोमिंग राज्यातल्या लॅरमी गावी विद्यापीठात शिकणारा मॅथ्यू शेपर्ड हा २१ वर्षांचा मुलगा. ६ ऑक्टोबर १९९८ च्या रात्री दोन तरुणांनी त्याला बारमधून गाडीत बसवून गावाबाहेर नेलं, लुटलं, पिस्तुलाच्या दस्त्याने डोक्यावर घाव घातले आणि लाकडी कुंपणाला बांधून थंडीत सोडून दिलं. सुमारे अठरा तासांनी सायकलवरून जाणाऱ्या एका मुलाला तो दिसला. त्याला आधी ते बुजगावणंच वाटलं. १२ ऑक्टोबरला शेजारच्या कोलोरॅडो राज्यातल्या फोर्ट कॉलिन्स इथल्या रुग्णालयात मॅथ्यू गेला. तो समलिंगी होता.

‘हेट क्राइम’, म्हणजे माणूस अमुक एका गटातला आहे म्हणून त्याच्याविरुद्ध केलेला गुन्हा, हा शब्द गोषवाऱ्यात वारंवार येतो. द्वेषगुन्हा, द्वेषमूलक गुन्हा, घृणा अपराध असे पर्याय सापडले, पण एकही मनासारखा बसत नाही. मंडळातले वाचक सत्तरीच्या पुढचे आहेत. शब्द वाचून त्यांना अर्थ लागला पाहिजे.

अक्षरवाट

‘घृणा अपराध’ हिंदीतून आला आहे, तो नको. एक तर ‘अपराध’ मराठीत गुन्ह्यापेक्षा सौम्य आहे. ‘अपराधी वाटतं’ म्हणतो ते मनाला टोचण्याबद्दल, पोलीस ठाण्यात मात्र गुन्हाच नोंदवला जातो. त्याहून मोठी अडचण ‘घृणा’ची. संस्कृतात घृणेचा एक अर्थ दया असाही आहे, आणि मराठीने तो एका शब्दात जपून ठेवला आहे : निर्घृण. ‘निर्घृण खून’ हे आपण रोज वर्तमानपत्रात वाचतो. त्यातली घृणा म्हणजे दया, जी मारणाऱ्याला आली नाही. आता एकाच परिच्छेदात ‘निर्घृण खून’ आणि ‘घृणा अपराध’ आले, तर एकीकडे घृणा नाही म्हणून खून आणि दुसरीकडे घृणा आहे म्हणून गुन्हा, असा गोंधळ होईल.

किळस, शिसारी, तिटकारा हे खास आपले शब्द, पण ते माणसाला दूर लोटतात, त्याच्या मागे धावत नाहीत. किळस आलेला माणूस तोंड फिरवतो. लॅरमीतल्या दोघांनी तोंड फिरवलं नव्हतं. आपणही समलिंगी आहोत असं भासवून त्यांनी त्याला गाडीत घेतलं, असं खटल्यात पुढे आलं.

वऱ्हाडकर

द्वेष तरी कुठे बसतो? ‘तो माझा द्वेष करतो’ म्हटलं की दोघांची ओळख आहे, काही मागचं आहे, असं आपण धरून चालतो. आपल्याकडच्या गुन्ह्यांच्या बातम्यांत कारण म्हणून ठरलेला शब्द असतो ‘पूर्ववैमनस्यातून’. शेतीच्या बांधाचा वाद, निवडणुकीतली भांडणं, भाऊबंदकी. मॅथ्यूच्या बाबतीत वैमनस्य शोधूनही सापडायचं नाही, कारण त्यांची ओळखच त्या रात्रीची. ज्येष्ठ वाचक ‘द्वेषगुन्हा’ वाचून विचारतील, त्या पोरानं यांचं काय बिघडवलं होतं?

अक्षरवाट

@वऱ्हाडकर, हा मुद्दा फार मोलाचा आहे. म्हणून मी ‘द्वेषगुन्हा’ एकटा सोडणार नाही, कोणाचा द्वेष ते पुढे जोडेन. ‘समलिंगी-द्वेषातून झालेला गुन्हा’. लांब आहे, मान्य. पण मग द्वेष मॅथ्यू नावाच्या मुलाशी जोडला न जाता तो ज्यांच्यापैकी होता त्या सगळ्यांशी जोडला जातो. अशा गुन्ह्यात मार एकाला बसतो आणि धाक सगळ्यांना. लॅरमीतच राहणाऱ्या दुसऱ्या एखाद्या समलिंगी मुलाला ती बातमी ऐकून काय वाटलं असेल, हे ‘पूर्ववैमनस्य’ या शब्दात कधीच मावणार नाही.

जोडून आणखी एक. ‘होमोफोबिया’ला कोशात ‘समलिंगी-भयगंड’ असं मिळतं. तो इथे वापरू नका. भयगंड म्हणजे उंचीचा, पाण्याचा, बंद खोलीचा, ज्याची कीव यावी असा आजार. बांधलेल्या मुलाला मारणाऱ्यांची भीती पुढे करणं हा त्याच्यावर दुसरा अन्याय आहे.

कोर्टकचेरी

भीतीचा विषय निघाला म्हणून सांगतो, बचाव पक्षाने नेमकं तेच पुढे करून पाहिलं होतं. एका आरोपीने एप्रिल १९९९ मध्ये खटल्याआधीच गुन्हा कबूल केला. दुसऱ्याच्या वकिलांचं म्हणणं असं की मॅथ्यूने लगट केली, त्यामुळे आरोपीचं भान सुटलं. याला तिकडे ‘गे पॅनिक डिफेन्स’ म्हणतात. न्यायाधीश बार्टन व्हॉइट यांनी तो बचाव मांडू दिला नाही. वायोमिंगच्या कायद्यात त्याला जागा नाही, असा निर्णय दिला. मराठीत ‘समलिंगी-भीतीचा बचाव’ लिहिलं तर समलिंगी माणूसच भ्याला होता असंही वाचता येईल. ‘त्याने लगट केली म्हणून माझं भान सुटलं, असा बचाव’ एवढं सरळ लिहा. आपल्याकडे ‘गंभीर व आकस्मिक प्रक्षोभ’ ही कायद्यातली संज्ञा आहे, पण ती वेगळी आहे, इथे आणू नका.

आता मूळ शब्दाबद्दल. धागाकर्तींनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या खटल्याच्या आरोपपत्रात ‘हेट क्राइम’ नाही. खून, अपहरण, जबरी लूट एवढंच आहे, कारण वायोमिंगमध्ये द्वेषातून झालेल्या गुन्ह्यांचा स्वतंत्र कायदा नव्हता, तो आजही नाही. केंद्रीय कायदा १९६८ चा होता, पण त्यात वंश, वर्ण, धर्म, राष्ट्रीयत्व एवढीच कारणं धरली होती, शिवाय बळी गेलेला माणूस त्या वेळी मतदान, शिक्षण असा काही संरक्षित हक्क बजावत असला पाहिजे अशी अट. लैंगिक कल, लिंगभाव आणि अपंगत्व ही कारणं आली आणि ती अट गेली ती २८ ऑक्टोबर २००९ ला, मॅथ्यू शेपर्ड आणि जेम्स बर्ड यांच्या नावाच्या कायद्यावर ओबामांनी सही केली तेव्हा. जेम्स बर्ड हा कृष्णवर्णीय माणूस, जून १९९८ मध्ये टेक्सासमधल्या जॅस्पर इथे गोऱ्या तरुणांनी त्याला गाडीला बांधून फरफटत नेऊन मारलं. म्हणजे गोषवाऱ्यात ‘त्यांच्यावर द्वेषगुन्ह्याचा खटला चालला’ असं चुकूनही येऊ नये.

वऱ्हाडकर

आरोपपत्रात नाही, लूटही झाली, पुढे एका पत्रकाराने अमली पदार्थांचं कारण मांडलं. मग ‘द्वेषमूलक’ म्हणजे मुळाशी द्वेषच, एवढं ठाम म्हणायचं का?

कोर्टकचेरी

म्हणून मला ‘मूलक’ नको, ‘द्वेषातून’ हवं. ‘मूलक’ एकच मूळ सांगतं, ‘-तून’ला सोबत दुसरं कारण चालतं. पाकीट काढून घेतल्यावर लूट पूरी झाली होती. त्यानंतरचे घाव आणि ते कुंपण यांचा हिशेब पाकिटात लागत नाही.

आणि महाराष्ट्राला ही कल्पना नवी आहे असं समजू नका. आपण तिला ‘अ‍ॅट्रॉसिटी’ म्हणतो. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्यातल्या गंभीर गुन्ह्यांच्या कलमात आधी असं होतं की पीडित त्या जातीचा किंवा जमातीचा आहे ‘या कारणावरून’ गुन्हा केला, हे सिद्ध झालं पाहिजे. आरोपीच्या मनातलं ते ‘म्हणून’ सिद्ध करणं इतकं अवघड ठरत गेलं की २०१५ च्या दुरुस्तीने तिथे ‘माहीत असताना’ आणलं. तुमच्या ज्येष्ठ वाचकांना अ‍ॅट्रॉसिटी म्हणजे काय हे ठाऊक असणार. तळटीपेत तो दुवा द्या, शब्द मात्र उसना घेऊ नका. त्या शब्दामागे इथल्या जातीचा इतिहास आहे, तो लॅरमीवर चिकटवणं दोन्हीकडच्या माणसांवर अन्याय होईल. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३(२) मध्येही जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून केलेला खून आहे, पण त्याला पाच किंवा अधिक जणांचा जमाव लागतो, आणि लैंगिक कलाचा त्यात नावाने उल्लेख नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवते आहे ते असं : पहिल्यांदा येईल तिथे ‘समलिंगी-द्वेषातून झालेला गुन्हा’, पुढे ‘द्वेषगुन्हा’. संवादात मात्र संज्ञा नकोच, आईच्या तोंडी ‘तो समलिंगी होता म्हणून मारलं त्याला’ एवढंच.

अजून दोन जागा अडल्या आहेत. चित्रपटाचा कणा आहे आईवडिलांचा निर्णय. आरोपी दोषी ठरला आहे, फाशी मागायची की नाही? जूडी शेपर्डच्या भूमिकेत स्टॉकर्ड चॅनिंग आहे, डेनिसच्या भूमिकेत सॅम वॉटरस्टन. जूडी मुलाचं गेलेलं आयुष्य उलगडत जाते आणि शेवटी दोघं फाशी नको म्हणतात. तिथे ‘क्षमा केली’ लिहू की ‘माफ केलं’? आणि शिक्षा : ‘दोन जन्मठेपा, पॅरोल नाही’ बरोबर आहे ना?

अक्षरवाट

दोन्ही नको. क्षमा केली की मनातलं किल्मिष गेलं असा अर्थ होतो, आणि माफ केलं की शिक्षाच गेली. नोव्हेंबर १९९९ मध्ये खऱ्या डेनिस शेपर्ड यांनी कोर्टात जे निवेदन वाचलं त्यात आरोपी मेलेला पाहायला आपल्याला आवडलं असतं हे त्यांनी लपवलं नाही. ज्याने जराही दया दाखवली नाही त्याला आपण दया दाखवतो आहोत, असा त्यांचा भाव होता. तो शब्द दयाच आहे. ‘दया दाखवली’ लिहा. आधीच्या प्रसंगात ‘निर्घृण’ वापरला असेल तर तसाच राहू द्या. अर्थ माहीत असलेल्या वाचकाला दोन्ही शब्द एकमेकांशी बोलताना दिसतील.

कोर्टकचेरी

‘पॅरोल नाही’ लिहू नका. महाराष्ट्रातला वाचक पॅरोल म्हणजे अभिवचन रजा समजतो : घरी मृत्यू, आजारपण, म्हणून कैदी काही दिवस बाहेर येतो आणि परत जातो. फर्लो म्हणजे संचित रजा, तीही रजाच. अमेरिकेतला पॅरोल म्हणजे शिक्षा संपण्याआधी अटींवर कायमचं बाहेर पडणं. वाचकाला वाटेल की या कैद्याला आईच्या अंत्यविधीलाही सोडणार नाहीत एवढंच. ‘लागोपाठ भोगायच्या दोन जन्मठेपा, मुदतपूर्व सुटका नाही’ असं लिहा. ‘लागोपाठ’ गाळू नका, नाहीतर दोन्ही एकत्र भोगायच्या असं धरलं जाईल.

धागाकर्ती

तसंच लिहिते. बुजगावणं तेवढं कायम ठेवते आहे, तिथे दुसरा शब्द शोधायची गरज वाटली नाही.