फोनवर इशारा आला, पण जायचे कुठे? पंचगंगेच्या पुराच्या निमित्ताने चर्चा

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

२०२३ च्या पावसाळ्यात आपल्यापैकी अनेकांच्या फोनवर एकाएकी कर्कश आवाज होऊन दूरसंचार विभागाचा चाचणी संदेश आला होता. आपत्तीच्या वेळी एखाद्या परिसरातील सर्व फोनवर एकाच क्षणी इशारा पोचवता यावा, यासाठीची ही यंत्रणा आहे आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. मात्र तेव्हापासून पूर, दरड, वीज अशा प्रत्येक संकटावरचे उत्तर म्हणून तिच्याकडेच बोट दाखवले जाते, याला माझा आक्षेप आहे. कोल्हापूरच्या करवीर तालुक्यात माणसे पुरात अडकली ती खबर न मिळाल्यामुळे अडकली, असे मला वाटत नाही. खबर मिळाल्यावर कोणी, कधी, कशातून आणि कुठे जायचे, हे गावाने आधी ठरवलेले नव्हते, म्हणून ती अडकली.

कोल्हापुरात पुराची माहिती कधीच दुर्मीळ नव्हती. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर गेले की धोका पातळी, हे इथल्या शाळकरी मुलांनाही तोंडपाठ असते. शिवाजी पुलावरच्या दगडी माशाला पाणी टेकले की ‘मच्छिंद्री झाली’ ही बातमी शहरभर होते. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत आणि एकेका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी सुटते. त्यांपैकी कितवा उघडला, याची चर्चा चहाच्या टपरीवर चाललेली असते. एवढे सगळे ठाऊक असूनही २०१९ च्या ऑगस्टमध्ये प्रयाग चिखली आणि आंबेवाडीतून लोकांना बोटींनी बाहेर काढावे लागले. सोनतळीला या पूरग्रस्तांसाठी जागा पूर्वीपासून होती. रस्ता, ट्रॅक्टर आणि ट्रॉल्याही होत्या. पहिली ट्रॉली कोणाच्या दारातून, किती फुटांना हलायची, एवढेच ठरलेले नव्हते.

त्यामुळे इशाऱ्यांच्या तंत्रावर होणाऱ्या खर्चाच्या निम्मा तरी पैसा गावाच्या तयारीवर, म्हणजे नेमून दिलेली माणसे, पावसाळ्यापूर्वीचा सराव आणि निवाऱ्याची जागा यांवर खर्च व्हावा, असे मला वाटते. विरोधी मते अवश्य मांडावीत.

तरंगलहरी

आपल्या मांडणीत तंत्राला दुय्यम स्थान मिळाले आहे आणि ते मला मान्य नाही. मी दूरसंचार क्षेत्रात काम करतो, म्हणून आधी यंत्रणेविषयी थोडे लिहितो. हा संदेश नेहमीच्या एसएमएससारखा एकेका क्रमांकावर जात नाही. टॉवर तो रेडिओ केंद्रासारखा प्रक्षेपित करतो आणि त्याच्या टप्प्यातील फोन तो उचलतात. त्यामुळे सगळे जण एकाच वेळी नातेवाइकांना फोन लावत असल्याने जाळे तुंबले, तरी हा संदेश अडत नाही. तो मिळण्यासाठी आपला क्रमांक कोणत्याही यादीत असावा लागत नाही.

ही शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची आहे. २०१९ मध्ये पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि वाहतूक काही दिवस बंद राहिली. अडकलेल्या मालमोटारींचे चालक परराज्यांतले होते. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत काम करणारे कामगारही बाहेरचे आहेत. त्यांना मच्छिंद्री म्हणजे काय ते कोण सांगणार? ग्रामपंचायतीच्या यादीत त्यांचे नाव नसते आणि गावाच्या व्हॉट्सअॅप गटातही ते नसतात.

दुसरे असे की, ज्या स्थानिक शहाणपणाचा आपण गौरव करता, त्यानेच २०१९ मध्ये लोकांना घरात बसवून ठेवले. ‘२००५ ला पाणी या पायरीपर्यंत आले होते, त्याच्या वर येणार नाही’ हे वाक्य त्या आठवड्यात घरोघरी बोलले गेले. प्रत्यक्षात राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि २०२१ मध्ये त्याहूनही थोडे अधिक. भिंतीवरची जुनी खूण मागच्या पुराची उंची सांगते, पुढच्या पुराविषयी ती काहीच सांगत नाही. हवामान, धरणांचा विसर्ग आणि नदीची पातळी एकत्र पाहून केलेला अंदाजच ते काम करू शकतो, आणि तो माणसापर्यंत वेळेत नेण्याचा सर्वांत वेगवान मार्ग फोन हाच आहे.

शिरोळकर

तरंगलहरी यांचे २००५ च्या खुणेविषयीचे म्हणणे खरे आहे, परंतु फोनवर येणाऱ्या इशाऱ्यांचा आमच्या शिरोळ तालुक्यातला अनुभव त्यांनी समजून घ्यावा. हवामान खात्याचे पिवळे, नारिंगी आणि लाल इशारे जिल्ह्यासाठी असतात. कोल्हापूर जिल्ह्यात गगनबावड्याला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि शिरोळला पाचशेच्या आसपास. म्हणजे ‘कोल्हापूर जिल्ह्यात अतिवृष्टी’ असा संदेश येतो, तेव्हा आमच्याकडे ऊन पडलेले असते, सोयाबीनला पाणी द्यावे की काय असा विचार चालू असतो. संदेश वाचून माणूस आभाळाकडे पाहतो आणि फोन खिशात घालतो. चार दिवसांनी तोच पाऊस पंचगंगेतून आणि कृष्णेतून नृसिंहवाडीच्या संगमावर येऊन पोचतो, कुरुंदवाडच्या वेशीला भिडतो, तेव्हा फोनवर काहीच वाजत नाही, कारण त्या दिवशी पाऊस ओसरलेला असतो.

आमचा पूर कोरड्या आभाळाखाली येतो. त्याला पावसाचा इशारा काय कामाचा? आम्हाला हवा आहे तो असा संदेश: ‘उद्या सकाळी अमुक वाजेपर्यंत कुरुंदवाड-नृसिंहवाडी रस्त्यावर पाणी येईल, जायचे असल्यास आज संध्याकाळपर्यंत जा.’ असा एक संदेश महिन्याभराच्या रंगीत इशाऱ्यांपेक्षा मोलाचा आहे. वारंवार येणारे आणि लागू न पडणारे इशारे माणसाला बहिरे करतात. माझ्या ओळखीतल्या कित्येकांनी चाचणीच्या आवाजाने घाबरून फोनमधली ही सोयच बंद करून टाकली आहे.



जुना महसुली

मी महसूल खात्यातून निवृत्त झालो आहे आणि पूरनियंत्रण कक्षात रात्रपाळ्या केल्या आहेत. धागाकर्त्यांच्या प्रस्तावातील ‘गावाने ठरवावे’ या भागाला माझा स्पष्ट विरोध आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हाधिकारी हे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात आणि माणसे हलवण्याचा निर्णय त्यांचा असतो. याला कारण आहे. वरच्या धरणातून किती विसर्ग होणार, कोणता रस्ता किती वाजता बंद होणार, कोणत्या शाळेत किती माणसे आधीच आली आहेत, हे चित्र एकत्रितपणे फक्त तिथेच दिसते. चार गावांनी आपापल्या मनाने एकाच रस्त्यावर ट्रॅक्टर काढले, तर तो रस्ता पाण्यापूर्वीच बंद पडेल.

गावाने स्वतः केलेल्या बचावाचे दुसरे टोकही विसरू नये. सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ रोजी गावातलीच बोट क्षमतेपेक्षा जास्त माणसे घेऊन निघाली आणि उलटली. त्यात बायका आणि मुले बुडाली. बोट चालवणाऱ्यांच्या धाडसाविषयी मला आदर आहे, पण प्रशिक्षण आणि लाइफ जॅकेट यांच्याशिवाय केलेले धाडस किती महाग पडते, हे त्या दिवशी दिसले.

पंचगंगाकाठ

जुना महसुली यांच्या अनुभवाचा मान राखून लिहितो. ब्रह्मनाळचे उदाहरण मला माझ्या बाजूचे वाटते. पाणी गावाभोवती वेढा घालेपर्यंत लोक तिथेच राहिले, म्हणून बोटीची वेळ आली. दोन दिवस आधी रस्ता मोकळा असताना ती माणसे बाहेर पडली असती, तर बोट लागलीच नसती. गावाच्या तयारीचा माझा अर्थ गावाने पुरात बोटी घालाव्यात असा अजिबात नाही. बोट काढण्याची वेळच येऊ नये, यासाठी ती तयारी हवी आहे.

आदेश जिल्हाधिकाऱ्यांचाच असावा, याबद्दलही वाद नाही. पण आदेश तलाठ्यापर्यंत आला की पुढे काय होते? तलाठ्याकडे अनेकदा एकाहून अधिक गावे असतात. तो एका गावात असतो, तेव्हा दुसऱ्यात पोलीस पाटील आणि कोतवाल हेच काय ते शासन असते. कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे, कोणाची सून नववा महिना भरलेली आहे, कोणाला डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा शहरात जावे लागते, ही नावे जिल्ह्याच्या पडद्यावर दिसत नाहीत. ती आशाताईंच्या वहीत असतात. ती वही आराखड्याचा भाग व्हावी, एवढेच मी मागतो आहे.

रायगडची लेक

ही चर्चा नदीपुरतीच चालली आहे, म्हणून डोंगराविषयी लिहिते. माळीणवर ३० जुलै २०१४ रोजी सकाळी दरड कोसळली आणि १५१ माणसे गेली. बाहेरच्या जगाला ते समजले ते एसटीच्या चालकामुळे, कारण रोज जिथे गाव दिसायचे तिथे त्याला मातीचा ढीग दिसला. इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली. ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती आणि तिथवर गाडीरस्ताही नव्हता. बचावाची माणसे चिखलातून डोंगर चढून गेली.

दरडीला बंधारा नसतो आणि फुटांची पट्टीही नसते. त्यामुळे ‘गावाला सगळे ठाऊक असते’ हे आमच्याकडे लागू पडत नाही, आणि ‘फोन सगळे सांगेल’ हेही पडत नाही. कोणत्या डोंगराचा कोणता भाग कोणत्या रात्री सुटेल, हे नेमके सांगणारी यंत्रणा आपल्याकडे नाही. आम्हाला परवडणारा उपाय एकच दिसतो. वाडीत एक साधे पर्जन्यमापक असावे, ते वाचणारी दोन माणसे असावीत, आणि सलग पाऊस ठरावीक आकड्याच्या वर गेला की त्या रात्री कोणीही उताराखाली झोपू नये, असा नियम असावा. दहांपैकी नऊ वेळा काहीच होणार नाही. त्या नऊ रात्री लोकांना खालच्या शाळेत कोरडी जागा, गरम जेवण आणि दिवा मिळाला, तरच ते दहाव्या रात्री येतील. तंत्रविरोधी म्हणून मी हे लिहीत नाही. पण इशारा फुकट गेला तरी माणसाचा मान राहिला पाहिजे, याचा विचार कोणत्याच आराखड्यात मला दिसत नाही.

तरंगलहरी

रायगडची लेक यांचा मुद्दा मला पटतो, तरी माझ्या मूळ भूमिकेवर मी ठाम आहे. सगळा भार गावाच्या एकजुटीवर टाकला, तर जिथे एकजूट नाही तिथे काय? ज्या गावात दोन गट एकमेकांच्या दारात पाय ठेवत नाहीत, तिथे पहिली ट्रॉली कोणाच्या दारातून निघेल, हे सांगायला नको. गावकुसाबाहेरच्या वस्तीपर्यंत निरोप शेवटी पोचतो, हाही आपल्याकडचा जुना अनुभव आहे. टॉवरचा संदेश सर्वांना एकाच क्षणी मिळतो. त्यात मानपान नाही. मला ही समता फार मोलाची वाटते.

ओडिशाकडे पाहावे. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे दगावली. २०१३ मध्ये ‘फायलिन’ आले, तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोकांना आधीच हलवण्यात आले आणि मृत्यूंचा आकडा काही डझनांवर राहिला. मधल्या वर्षांत निवारे बांधले गेले, स्वयंसेवक तयार झाले हे खरे. पण वादळाचा अंदाज काही दिवस आधी हातात होता, म्हणून त्या निवाऱ्यांत माणसे नेता आली.

शिरोळकर यांच्या तक्रारीवर तांत्रिक उत्तर आहे. ग्रामीण भागात एका टॉवरचा टप्पा काही किलोमीटरचा असतो आणि त्यात नदीच्या दोन्ही काठांवरची गावे येतात, म्हणून संदेश फक्त नकाशावर आखून भागणार नाही. गावांची, रस्त्यांची आणि निवाऱ्याची नावे मजकुरातच मराठीत हवीत. हे करणे शक्य आहे. ती नावे आम्हाला आयती मिळाली पाहिजेत.

दावण

सगळे जण माणसांविषयी लिहीत आहेत. माझ्या घरी चार म्हशी आहेत आणि पूररेषेतल्या गावात आम्ही राहतो, म्हणून लोक वेळेत का निघत नाहीत ते सांगते. आमचे घर दुधावर चालते. सकाळ-संध्याकाळ दूध संस्थेत घातले तर दहा दिवसांनी बिल येते. फोनवर इशारा येतो, तेव्हा घरातली बाई आधी गोठ्याकडे पाहते. गाभण म्हैस रात्री ट्रॉलीत चढत नाही. चढवली आणि पाय घसरला, तर म्हैस आणि रेडकू दोन्ही जातात. छावणीत माणसांना पोळी-भाजी मिळते, पण वैरण कुठे असते? नदीकाठचा ऊस आणि गवत पाण्याखाली असते, कडब्याचा भाव त्याच आठवड्यात चढतो. २०१९ ला काहींनी दावी कापून जनावरे सोडून दिली, काहींनी जिना चढवून स्लॅबवर नेली, आणि बरेच जण फक्त त्यांच्यासाठी मागे राहिले. ‘जीव महत्त्वाचा की जनावर’ असे विचारणाऱ्यांना मी एवढेच सांगीन की आमच्याकडे त्या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत.

२०२१ आणि २०२४ मध्ये चिखली-आंबेवाडीकडची बरीच कुटुंबे आधीच जनावरांसह सोनतळीला गेली. मागचा घाव ताजा होता, हे एक कारण. दुसरे कारण, जनावरे बांधायला जागा आहे हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

जुना महसुली

ताई, आपला मुद्दा प्रशासनाने ऐकण्यासारखा आहे. तरीही अडचण सांगतो. पूर येण्याआधी वैरण विकत घेऊन ठेवायची आणि पूर आलाच नाही, तर त्या खर्चावर आक्षेप निघतो. या भीतीने अधिकारी पाणी धोका पातळीकडे जाईपर्यंत थांबतो.

दावण

मग तो आक्षेप कसा मिटवायचा, हे आपल्यासारख्या जाणत्यांनी लिहून द्यावे. १ मेच्या ग्रामसभेत गावाची यादी वाचली जावी: कोणाकडे किती जनावरे, कोणाचा ट्रॅक्टर, कोणती बाई गरोदर, छावणीची जागा कोणती, ३९ फुटांना जनावरे आणि त्यानंतर किती फुटांना माणसे. तीच यादी तरंगलहरी यांच्या संदेशात जावी. वैरण उरली, तर ती दूध संस्थेने त्याच भावाने सभासदांना विकावी. पावसाळ्यात कोणीही घेईल. ही सूचना आमच्या संस्थेच्या सचिवांकडे मी लेखी देणार आहे. मजकूर तपासून देणारे कोणी असल्यास येथेच कळवावे.

शिरोळकर

मी तपासतो. फक्त ३९ फूट हा आकडा राजाराम बंधाऱ्याचा आहे. आमच्या बाजूच्या गावांसाठी नृसिंहवाडीची पातळी घ्यावी लागेल. ती वेगळ्या रकान्यात लिहा.