अनुभव धागा : डिजिटल स्क्रॅपबुकचा पसारा तुम्ही कसा आवरता?

नमस्कार मंडळी,

इंदूरच्या मराठी घरांतून सध्या एक उद्योग जोरात आहे. आजीची पंच्याहत्तरी, आईबाबांच्या लग्नाची पन्नाशी, नातवाची मुंज, निमित्त कुठलंही असो, माळ्यावरचे अल्बम खाली येतात, फोटो स्कॅन होतात आणि संगणकावर पानं सजवून त्यांचं पुस्तक करायचं ठरतं. ठरतं खरं. प्रत्यक्ष छापून हातात येणारी पुस्तकं थोडी, बाकीच्यांची गाडी 'न्यू फोल्डर (७)' पाशी अडलेली.

पान सुंदर कसं करावं हे इथे नको, त्या व्हिडिओंचा सुकाळ आहे. फोटो, कागद, फाँट, अर्धवट पानं कुठे ठेवता, नावं कशी देता, कुठली चूक कशामुळे टळते, तेवढं लिहा. सॉफ्टवेअर कोणतंही चालेल.

नवख्यांसाठी एकच गोष्ट आधी सांगते. बहुतेक जण १२ इंची चौरस पान धरतात. ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके) ते ३६०० बाय ३६०० पिक्सेल होतं, ८ इंची असेल तर २४०० बाय २४००. हा आकडा नवं पान उघडतानाच टाकायचा. छोटं पान नंतर ताणून मोठं केलं की पडद्यावर चालून जातं, छापल्यावर धूसर दिसतं.

रामबागकर

मी बँकेतून निवृत्त, त्यामुळे तारखेशिवाय कागद पुढे सरकवायचा नाही ही सवय. प्रत्येक फोटोचं नाव वर्ष-महिना-दिवस असं सुरू होतं, १९७८-०५-१४. महिना माहीत नसेल तर त्या जागी ००. अंदाजाचं वर्ष असेल तर पुढे 'अं' लावतो. महिना ५ न लिहिता ०५ लिहायचा, नाहीतर काही प्रोग्रॅममध्ये रांगेत १० वा महिना २ च्या आधी येऊन बसतो.

लक्षात ठेवा, स्कॅन केलेल्या फोटोला संगणक स्कॅनची तारीख देतो. म्हणजे आजोबांचं लग्न गेल्या मंगळवारी झालेलं दिसतं! व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोच्या नावात तो तुम्हाला मिळाला त्या दिवसाची तारीख असते, काढल्याची नाही, आणि फोटो आकसूनही येतो. भाच्याला सांगा, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठव. मग मूळ फाईल तारखेसकट येते.

वर्ष ठरवायला पार्श्वभूमी कामाला येते. स्कूटरवर इंदूरची एमपी ०९ अशी पाटी दिसली तर फोटो १९८९ नंतरचा, त्याआधी क्रमांकांची पद्धत वेगळी होती. इंदूरच्या राजवाड्याच्या आतल्या चौकातले फोटो असतील तर तिथे १९८४ मध्ये लागलेली आग ही खूण धरता येते. समोरून काढलेल्या फोटोवरून मात्र काही ठरत नाही, दर्शनी मजले त्या आगीतून वाचले.

पागनीस पागा

रामबागकरकाका, तारीख ठीक, पण फोटोत कोण हे सांगणारं माणूस आधी गाठावं. आमच्याकडे आत्यासासूबाई आहेत. त्यांची नजर अधू झाली आहे, आठवण शाबूत.

त्यांच्या माहेरचा अल्बम जुन्या पद्धतीचा. काळी जाड पानं, कोपऱ्यांना त्रिकोणी खाचा, मध्ये जाळीच्या नक्षीचा बटर पेपर. फोटो सोडवायच्या आधी आम्ही अख्खं पान तसंच स्कॅन करतो, म्हणजे कोणता फोटो कुणाशेजारी होता ते हातचं जात नाही. मग एकेक फोटो, मग त्याची मागची बाजू. मागे पुष्कळ काही निघतं. एकावर जांभळ्या पेन्सिलीनं 'चि. बाळचे जावळ, ओंकारेश्वर', आणि खाली दुसऱ्याच अक्षरात 'बाळ नव्हे, बंडू'. ही दुरुस्ती कुणी केली यावर घरात अजून वाद चालू आहे.

मागच्या बाजूच्या फाईलला तेच नाव, शेवटी फक्त 'मागे' जोडलेलं. दोन्ही शेजारी शेजारी दिसतात. फोटोच्या पाठीवर क्रमांक टाकायचा तर मऊ पेन्सिलीनं, कडेला. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. आत्या बोलतात तेव्हा मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू असतं आणि त्यालाही फोटोचाच क्रमांक. एका बैठकीत फार फोटो दाखवू नका, थकल्यावर त्या सगळ्यांनाच 'बंडू' म्हणायला लागतात.

लहान फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा. छपाईला ३०० लागतं, म्हणजे पानावर फोटो दुप्पट आकारात घेता येतो.

गराडू

क्रमांकावरून आठवलं, फोटोवर क्रमांक घालणं ही इंदूरचीच परंपरा म्हणायला हरकत नाही. लाला दीनदयाळ १८७० च्या दशकात इथेच छायाचित्रकार म्हणून नावारूपाला आले. त्यांच्या कितीतरी छायाचित्रांवर खाली क्रमांक आणि ठिकाणाचं नाव निगेटिव्हवरच लिहिलेलं आढळतं. त्यांच्या काचेच्या निगेटिव्हचा मोठा संग्रह आज दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राकडे आहे.

मुद्द्याचं म्हणजे, फोल्डर कितीही नीट लावा, एक फोटो एकाच फोल्डरमध्ये बसतो. गणपतीतला, आजीचा आणि जुन्या घराचा असा एकच फोटो असेल तर? म्हणून टॅग, म्हणजे फोटोला जोडायचे शोधशब्द. मी डिजिकॅम हे सॉफ्टवेअर वापरतो, फुकट आहे, चेहरेही ओळखतं. फक्त सेटिंगमध्ये जाऊन टॅग फोटोच्या फाईलमध्येच लिहिले जातायत ना ते बघा. नुसते त्या सॉफ्टवेअरच्या यादीत राहिले तर सॉफ्टवेअर बंद पडलं की नावंही जातात. माझ्या काकांनी एका जुन्या प्रोग्रॅममध्ये खानदानाचे चेहरे ओळीनं भरले होते. कंपनीनं तो गुंडाळला. फोटो सगळे आहेत, माणसं बेनाम.

इंदुरात आणखी एक भानगड आहे. निम्मे फोटो हिंदीत नावं देणाऱ्या मित्रांकडून येतात. 'काळे' शोधलं तर 'काले' सापडत नाही, 'होळकर' शोधलं तर 'होलकर' निसटतं. इंदूरजवळचं महू २००३ पासून कागदोपत्री डॉ. आंबेडकर नगर आहे, तरी आजोळ महूलाच असतं. मी दोन्ही टॅग देऊन ठेवतो.

उसळपोहे

तुम्ही सगळे पुस्तक करताय की अभिलेखागार? मी काहीही लावत नाही. एक फोल्डर, नाव 'निवड'. अल्बममधले पसंतीचे फोटो तिथे कॉपी करायचे. कॉपीच, मूळ फाईल हलवायची नाही. त्यातल्या फोटोंचीच पानं करायची, बाकी जिथे पडलंय तिथे पडू दे. चाळीस पानी पुस्तकाला हजार फोटो लावून बसलं की आजीचा वाढदिवस निघून जातो.

धागाकर्ती

उसळपोहे, पटलं आणि नाहीही. निवडीचा फोल्डर मलाही हवा. पण पुढच्या वर्षी दुसऱ्या आजीचं पुस्तक निघालं की पुन्हा पहिल्यापासून खणत बसायचं? गराडूंचे टॅग तिथे वेळ वाचवतात. चालू द्या.

स्नेहलतागंज

फोटोंबद्दल बरंच झालं, सजावटीच्या सामानाबद्दल कुणीच बोललं नाही. कागद, फुलं, रिबिनी, बटणं, अक्षरांचे संच. फुकट दिसलं की उतरवून घ्यायचं, आणि मग तोच किट, म्हणजे अशा चित्रांचा संच, डाउनलोड्समध्ये (१), (२), (३) होऊन पडतो.

इथे दोन पंथ आहेत. एक किट फोडून सगळे निळे कागद एकत्र, सगळी फुलं एकत्र लावणारा. दुसरा किट अखंड ठेवणारा. मी दुसऱ्यातली. किटमधले रंग एकमेकांना धरून असतात, आणि मुख्य म्हणजे वापराच्या अटींची फाईल त्याच्यासोबत राहते. बरेच किट फक्त स्वतःच्या वापरासाठी असतात. त्याच फुलांनी पैसे घेऊन दुसऱ्याचं पुस्तक सजवायचं तर वेगळा परवाना लागतो. मी ऑर्डरी घेते, म्हणून माझे दोन वेगळे मोठे फोल्डर आहेत, 'घरचं' आणि 'ऑर्डरचं'. घरच्यातलं सामान ऑर्डरच्या पानावर जातच नाही. भिशीतल्या मैत्रिणी म्हणतात कोण बघतंय! ज्यानं ते फूल रंगवलं तो बघतो, आणखी कोण?

झिप उघडल्यावर आतलं एकच झलक-चित्र वर ठेवा, म्हणजे किट न उघडता ओळखू येतो. फुलं पीएनजीत असतात कारण त्यात पार्श्वभूमी पारदर्शक राहते. चुकून जेपीजीत साठवलीत तर फुलाभोवती पांढरी चौकट येऊन बसते.

दुकानदार भिया

माझं राजवाड्यामागे डिझाइनचं छोटं काम आहे, लोकांच्या फायली छपाईआधी माझ्याकडे येतात. पेनड्राइव्हमध्ये 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'फायनल खरंच' अशी तीन भावंडं असतात, आणि ताई विचारतात, यातली कुठली हो? भिया, मला काय माहीत. 'पान०७_०१', 'पान०७_०२' असे आकडे द्या. मोठा आकडा तो ताजा, भांडण मिटलं.

आधी थर शाबूत असलेली, म्हणजे फोटो, कागद, अक्षरं सुटी राहिलेली फाईल साठवा, फोटोशॉपची, गिंपची, जी असेल ती. जेपीजी त्यानंतर, वेगळ्या फोल्डरमध्ये. नुसती जेपीजी आणून 'आत्याचं नाव बदलून द्या' म्हणतात, पण नाव तोवर कागदाच्या रंगात मिसळून गेलेलं असतं. शिवाय तीच जेपीजी उघडून, बदलून पुन्हा पुन्हा साठवली की दर वेळी थोडी खराब होते.

आता फाँट. सगळ्यात जास्त डोकं इथेच फिरतं. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये लिहिलेला मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन उघडतो. युनिकोडमध्येच लिहा, मुक्ता, बालू, नोटो असे चांगले फाँट फुकट मिळतात. फोटोशॉपमध्ये मराठी तुटत असेल, पहिली वेलांटी अक्षराच्या पलीकडे जात असेल, जोडाक्षरं सुटी पडत असतील, तर जुन्या आवृत्त्यांत टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये भारतीय भाषांचं इंजिन चालू करावं लागतं. त्यानंतरच्या काही आवृत्त्यांत त्याला 'वर्ल्ड-रेडी लेआउट' म्हणत, अगदी नव्यांत ते वेगळं चालू करावं लागत नाही. फाँट पक्का करण्याआधी मी त्यात 'वऱ्हाडी, सुपाऱ्या, श्रीकृष्ण, बाळ' एवढं टाइप करून बघतो. 'ऱ्ह' किंवा 'ऱ्या' वाकडं आलं की तो फाँट बाद. आणि आमच्याकडचे ऑपरेटर हिंदीवाले, 'ळ' त्यांच्या बोटांत नाही. 'सकाळ'चं 'सकाल' होऊन छापून येतं. मजकूर तुम्हीच टाइप करून द्या, कागदावर लिहून देऊ नका.

छापायला देताना अक्षरांचे आकार करून (मग फाँट लागत नाही) किंवा फाँट आत बसवलेली पीडीएफ द्या, पण टाइप बदलता येईल अशी एक प्रत घरी ठेवा. कडेनं साधारण ३ मिलिमीटर कापलं जाईल असं धरा, आणि डाव्या-उजव्या पानांच्या घडीत कुणाचा चेहरा नको. गेल्या लगीनसराईत एका पुस्तकात नवरदेव बरोबर घडीत बसले होते. घडी दोन्ही पानं शेजारी ठेवून बघितली की आधीच दिसते. एकेक पान सुटं बघणाऱ्याला ती दिसत नाही.

जेलरोडची माहेरवाशीण

फायली सांभाळणं सोपं हो, नातेवाईक सांभाळणं अवघड! मी एक्सेलमध्ये तक्ता करते. डावीकडे घरातली सगळी नावं, वर पानांचे क्रमांक, जो ज्या पानावर आहे तिथे फुली. छापायच्या आधी आडव्या ओळी बघायच्या. धाकट्या जाऊबाईंच्या ओळीत एकच फुली आणि थोरलींच्या ओळीत नऊ, असं दिसलं की मुकाट्यानं दोन पानं बदलायची. हा तक्ता कुणाला दाखवायचा मात्र नाही.

फोटोखाली नुसतं 'काका' लिहू नका. माझे काका ते माझ्या मुलाचे आजोबा, आणि वहिनीच्या माहेरचे कुणीच नाहीत. पहिल्या पानावर एकदा पूर्ण नाव, पुढे हवं ते.

रामबागकर

जाऊबाईंचा तक्ता बेस्ट. बॅकअपचं राहिलं. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. माझी बाहेरची डिस्क देवासला भावाकडे असते, दिवाळी आणि रंगपंचमीला तो गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला येतो तेव्हा बदलतो. क्लाउडवर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. सिंक चालू असेल तर इथे पुसलेलं तिथेही पुसलं जातं. आणि गूगलवर अमर्याद फुकट फोटो ठेवायची सोय जून २०२१ पासून नाही, १५ जीबीत मेलसकट सगळं बसवायचं. थर असलेल्या पानांच्या फायली बघता बघता तेवढ्या होतात.

पागनीस पागा

एक अडचण विचारू का? १९८० च्या आसपासचे आमचे रंगीत फोटो खडबडीत कागदावर आहेत, रेशमी पोत म्हणायचे तो. स्कॅन केले की चेहऱ्यावर जाळी दिसते. घासून-पुसून उपयोग नाही.

दुकानदार भिया

ताई, घासू नका, फोटो जाईल. स्कॅनरचा दिवा एकाच बाजूनं पडतो म्हणून त्या उंचवट्यांच्या सावल्या येतात. एकदा सरळ स्कॅन करा, मग फोटो काचेवर उलट दिशेनं, १८० अंशांत फिरवून पुन्हा स्कॅन करा. दुसरी प्रत सरळ करून पहिलीवर नेमकी बसवा आणि वरचा थर ५० टक्के पारदर्शक करा. सावल्या एकमेकींना बऱ्याचशा मारतात. पूर्ण जात नाहीत, पण पुस्तकाच्या आकारात डोळ्याला खुपत नाहीत. आणि दोन्ही मूळ स्कॅन ठेवा बरं का, नावापुढे 'सरळ' आणि 'उलट' लिहून.