अनुभव धागा: 'हो हो, कळलं' म्हणालो आणि घोळ झाला

भोसरीत माझं फॅब्रिकेशनचं छोटं युनिट आहे. ग्रिल, गेट, दरवाजे. ऑर्डरी मिळतात म्हणजे आपल्याला बोलता येतं, अशी माझी समजूत होती. ऐकणं हे वेगळं काम आहे, हे कळायला सहा दरवाजे लागले.

आर्किटेक्टकडच्या मुलाचा फोन आला तेव्हा शेजारी कटर चालू होतं. तो म्हणाला, "दोन्ही बाजूंनी दोन-दोन कमी ठेवा." मी म्हटलं, "हो हो, कळलं." फोन ठेवला आणि मिस्त्रींना ओरडून सांगितलं, "दोन्हीकडून दोन-दोन!" मुलाच्या डोक्यात मिलिमीटर. मिस्त्री तीस वर्षं सुतात बोलतात. एका इंचाला आठ सूत, म्हणजे एक सूत तीन मिलिमीटरपेक्षा जरासं जास्तच. दरवाजा चार मिलिमीटर कमी हवा होता, तो अर्धा इंच कमी झाला. साईटवर चौकटीत उभा करून एका बाजूला सरकवला, तर दुसऱ्या फटीतून माझी करंगळी आरपार.

सहाही परत आणले, पट्ट्या मारल्या, पुन्हा रंग. मिस्त्री एवढंच म्हणाले, "दोन काय, ते मी विचारणार होतो. पण तुम्ही लगेच दुसरा फोन घेतलात." यावर मी काय बोलणार!

आता फोनवर माप आलं की मी ते मिलिमीटर की सूत, सगळं परत म्हणून दाखवतो आणि समोरच्या पत्र्यावरच खडूने लिहितो. सुरुवातीला गिऱ्हाइकांना वाटलं, मला कमी ऐकू येतं.

तुमचे अनुभव येऊ द्या. 'प्रभावी संवादाच्या पाच पायऱ्या' नकोत. ते ट्रेनिंग मी करून आलोय, जेवण चांगलं होतं. काय झालं आणि नंतर काय बदललं, तेवढं सांगा.

साखरपोतं

आमचं लातूरला होलसेल किराणा. मुलगा इंग्रजी माध्यमाचा, कामाला चोख. एका जुन्या दुकानदारकाकांचा फोन त्याने घेतला. साखर तीन पोती, भाव ठरला एकोणचाळीस. मुलाने बिलात लावले 49. त्याच्या कानाला 'चाळीस' ऐकू आलं, मग ते चाळीसच्या पुढचंच असणार! तीन पोती म्हणजे दीडशे किलो, फरक दीड हजाराचा.

काका दुसऱ्या दिवशी चिठ्ठी घेऊन आले. पैसे लगेच वळते केले, पण त्यांचा राग पैशांवर नव्हताच. "मी भाव दोनदा सांगितला आणि हा दोन्ही वेळा ओके म्हणाला. ओके म्हणजे काय रे?"

2019 साली दुसरीच्या गणितात एकवीसला 'वीस एक' वाचायची पद्धत आली तेव्हा मीही दुकानात बसून यथेच्छ टिंगल केली होती. त्या दिवशी गप्प बसलो. मुलगा आता "तीन नऊ ना?" असं विचारतो. मला ते कानाला अजून खटकतं. सव्वाशे, पाऊणशे, अडीचशे मात्र मी सोडणार नाही, ते त्यानेच शिकावं.

दुभाषी

पुण्यात जपानीची दुभाषी आहे. पहिल्या वर्षातली चूक सांगते. चाकणच्या एका कारखानदारांकडे जपानी पाहुणे आले होते. आमचे साहेब तासभर बोलत होते आणि पाहुणे प्रत्येक वाक्याला "हाय, हाय" करत होते. 'हाय' म्हणजे 'हो', हे साहेबांना कुणीतरी आधीच सांगून ठेवलेलं. पण तिथे त्याचा अर्थ 'ऐकतोय, पुढे बोला' एवढाच होता. आपण गोष्ट ऐकताना हुंकार देतो ना, तसा.

शेवटी पाहुणे म्हणाले, "केन्तो शिमास." मी भाषांतर केलं, "आम्ही विचार करू." शब्द बरोबर होते. साहेबांनी त्याच आठवड्यात कच्चा माल मागवला. ऑर्डर आलीच नाही. धंद्याच्या बोलण्यात 'केन्तो शिमास' हा बहुतेक वेळा सभ्य नकार असतो, आपल्या 'बघू'चा सख्खा भाऊ. गंमत म्हणजे साहेब स्वतः वर्गणी मागणाऱ्यांना रोज "बघू" म्हणत.

मी काय करायला हवं होतं? बैठक संपल्यावर साहेबांना बाजूला घेऊन सांगायचं की हा होकार धरू नका. दुभाष्याने आपल्या पदरचं बोलू नये असं शिकवतात, म्हणून गप्प राहिले. आता कामाला बसण्याआधीच विचारून घेते, नुसते शब्द हवेत की नंतर दोन मिनिटं माझ्याशी बोलणार?

देवगडचा

तुम्ही ऐकलं नाही म्हणून फसलात. माझ्या वडिलांना कुणी ऐकूच दिलं नाही. आंबा बाजारात गेला की हत्ता पद्धत. अडत्या (म्हणजे दलाल) आणि घेणारा रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवणार. वडील एकदा पेटीबरोबर गेले होते, दोन हातांच्या अंतरावर उभे. त्यांना दिसला तो हलणारा रुमाल. आकडा कळला पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, हातात आली तेव्हा, त्यातही आडत, हमाली कापून. आता आम्ही थेट घरी पेट्या पाठवतो. वडील फोनवर गिऱ्हाइकाशी अर्धा अर्धा तास बोलतात. बिल मी भरतो, तक्रार नाही.

पोळीभाजी_केंद्र

डोंबिवलीत डबे देते. एक बाई दोन वर्षांपासूनच्या. एक दिवस फोन, "पुढच्या महिन्यापासून डबा नको." मी लगेच सुरू झाले. भाज्या महागल्या तरी दर वाढवला नाही, हवं तर तुमच्यासाठी दोनशे कमी करते, तेल बदलू का, तिखट जास्त होतं का... त्या "नाही हो, तसं नाही" म्हणत राहिल्या आणि मी पुढचं कारण शोधत राहिले. फोन ठेवला तेव्हा माझा दर दोनशेनं उतरला होता आणि गिऱ्हाईकही गेलं होतं.

आठवड्याने भाजीवाल्यापाशी भेटल्या. या वेळी फक्त विचारलं, "का बंद केलात?" आणि पुढचे शब्द गिळले. फार जड गेलं मला ते. त्या गवार निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "चार पोळ्या संपत नाहीत हो. रोज दोन टाकायच्या म्हणजे जिवावर येतं. अन्न आहे." त्यांचा मुलगा शिकायला बाहेर गेला होता. डबा एकाचाच उरला होता.

दोन पोळ्यांचा अर्धा डबा तेव्हापासून सुरू केला. आज अकरा जण घेतात. पण दर जाहीर करताना मी त्यांनाच आधी विचारलं, आणि त्यांनी मी ठरवला होता त्यापेक्षा वीस रुपये जास्तच सांगितला!

साईटवरून

हे परत म्हणून दाखवणं ठीक आहे, पण ज्युनिअरने केलं की साहेब म्हणतात, "एकदा सांगितलेलं कळत नाही का?" मीही म्हणून गप्प बसलो होतो. साहेब म्हणाले, "आवारात सात ब्रास, सहा इंची मुरूम." मी सात ब्रास मुरूम मागवला. साहेबांना सातशे चौरस फूट जागा म्हणायची होती. मुरुमाचा ब्रास शंभर घनफुटांचा, क्षेत्रफळाचा शंभर चौरस फुटांचा. सहा इंच म्हणजे अर्ध्या फुटाचा थर, हिशेबाने लागत होता साडेतीन, दाबून साडेचार धरा. उरलेला ढीग अजून गेटपाशी आहे. साहेब रोज त्याला वळसा घालून गाडी आत घेतात.

धागाकर्ता

सगळं वाचतोय. साईटवाले, तुमचं मिस्त्रींना मोठ्याने वाचून दाखवलं. ते म्हणाले, "आमचं सूत तरी सगळीकडे सूतच असतं."