संध्याकाळच्या व्यायामानंतर घरच्या शाकाहारी जेवणात काय असावे?

मृण्मयी_नाशिक: नमस्कार. मी शाकाहारी असून माझे वजन 60 किलो आहे. नोकरीवरून सुटल्यावर संध्याकाळी साडेसहा ते साडेसात या वेळेत मी वजने उचलण्याचा व्यायाम करते आणि घरी जेवायला नऊ वाजतात. अर्ध्या तासात प्रथिनांची पावडर घेतली नाही तर व्यायाम वाया जातो, असे जिममधले प्रशिक्षक सांगतात. आमच्याकडे सर्वांसाठी एकच स्वयंपाक होतो: पोळी, भाजी, वरण-भात आणि कधी उसळ. यातूनच माझी गरज भागू शकेल का, आणि मधल्या दीड तासात काय खावे?

सायंतारा: गरज नक्की भागेल, मात्र ताटातले प्रमाण बदलावे लागेल. अर्ध्या तासाची भीती मनातून काढून टाका. अशा व्यायामानंतर स्नायूंमध्ये नवी प्रथिने घडण्याचा वेग साधारण दिवसभर वाढलेला राहतो, त्यामुळे दुपारचे जेवण नीट झाले असेल तर नऊचे जेवण मुळीच उशिराचे ठरत नाही. खरा प्रश्न दिवसभराच्या एकूण प्रथिनांचा आहे. निरोगी प्रौढ व्यक्तीसाठी वजनाच्या दर किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिने अशी आपल्याकडची शिफारस आहे. नियमित व्यायाम करणाऱ्यांसाठी 1.4 ते 2 ग्रॅम योग्य मानली जातात. म्हणजे आपल्याला दिवसाला किमान 84 ग्रॅम आणि प्रत्येक मुख्य जेवणात वीसेक ग्रॅम हवीत.

इथे आपले रोजचे वरण कमी पडते, कारण पातळ वरणाच्या वाटीत जेमतेम 20 ते 25 ग्रॅम डाळ असते आणि तिच्यातून सुमारे 5 ग्रॅमच प्रथिने मिळतात. उसळीचे तसे नाही. माझ्या मते उसळ हा ‘कधी’ करण्याचा पदार्थ नाही. ती घरातल्या सर्वांसाठीच रोज व्हावी. सुकी मटकी किंवा मूग माणशी 50 ग्रॅम भिजवले तर त्यातून 11 ते 12 ग्रॅम प्रथिने मिळतात, दोन पोळ्यांतून सहाएक आणि मोठ्या वाटीभर दह्यातून पाचेक, म्हणजे वेगळा स्वयंपाक न करता वीसचा आकडा गाठता येतो. गव्हात आणि तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल (प्रथिनांचा एक घटक) कमी असते, ते कडधान्ये भरून काढतात; म्हणून पोळी किंवा भाताबरोबर उसळ चांगली. उसळ नसेल त्या दिवशी 75 ग्रॅम पनीर किंवा 30 ग्रॅम सोयाबीनच्या वड्या भाजीत घालाव्यात.

पहाटवाट: वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण लांब पल्ल्याचे धावणाऱ्यांचे गणित थोडे वेगळे असते, हे इतर वाचकांसाठी सांगतो. दीड-दोन तासांच्या धावण्याने स्नायूंतला ग्लायकोजेनचा (साठवलेल्या कर्बोदकांचा) साठा बराच खर्च होतो आणि त्याच दिवशी पुन्हा सराव असेल तर तो लवकर भरून काढावा लागतो. अशा वेळी केळी, भात किंवा पोहे लगेच खाणे उपयुक्त ठरते. मात्र नुसत्या पोह्यांत प्रथिने फार कमी असल्याने त्यांत शेंगदाणे आणि मोड आलेले मूग घालावेत, सोबत दूध घ्यावे. पाण्याकडेही लक्ष हवे. धावण्याआधी व नंतर वजन करून पाहिल्यास घामावाटे किती पाणी गेले ते कळते, आणि घटलेल्या प्रत्येक किलोमागे पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर द्रव थोडा थोडा घ्यावा. मीठ घातलेले ताक मला यासाठी सर्वांत सोयीचे वाटते, कारण घामातून सोडियमही जाते.

निरामय७: एक आवश्यक सूचना. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नये. इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर व्यायामानंतर काही तासांनी, अगदी रात्री झोपेतही, उतरू शकते. त्यांनी संध्याकाळच्या व्यायामानंतरचे खाणे आणि मात्रा यांचा मेळ डॉक्टरांकडून घालून घ्यावा.

मृण्मयी_नाशिक: सर्वांचे मनापासून आभार. मला यांपैकी कोणताही विकार नाही. मधल्या दीड तासाबद्दल मात्र अजून विचारायचे आहे, कारण भुकेने घरी पोहोचल्यावर फरसाणाकडेच हात जातो.

सायंतारा: पिशवीत मूठभर फुटाणे आणि एक केळे ठेवावे. 30 ग्रॅम फुटाण्यांतून सुमारे 6 ग्रॅम प्रथिने मिळतात आणि नऊपर्यंत भूक आवरते. पावडर घेण्यात गैर काही नाही, पण दिवसाची 84 ग्रॅम जेवणातून होत असतील तर तिच्यावर खर्च करण्याची गरज उरत नाही.