पाच गुणांवर ‘चार बदाम’ : बोलीचा निर्णय कशावर घ्यावा?

प्रश्न – रामबाग, इंदूर

आमच्या घरी रविवारी दुपारी दोन टेबले मांडून ब्रिज खेळला जातो. तोच डाव दोन्ही टेबलांवर खेळला जातो आणि गुणांच्या फरकावरून आयएमपी (दोन टेबलांची तुलना करणारे गुण) काढले जातात. गेल्या रविवारच्या एका डावावरून घरात दोन तट पडले आहेत, म्हणून येथील जाणकारांना विचारते आहे.

सासऱ्यांकडे अशी पाने होती. इस्पिक : एक्का, ६. बदाम : एक्का, राजा, गुलाम, ७, ३. चौकट : एक्का, ९, ६, ४. किलवर : ७, २.

सासूबाईंकडे इस्पिक : ८, ५, ३. बदाम : राणी, ९, ६, ४. चौकट : राजा, ५. किलवर : १०, ८, ६, ४.

आमची बाजू व्हल्नरेबल होती (म्हणजे गेमचे बक्षीस आणि बुडाल्याचा दंड दोन्ही मोठे) आणि विरोधी जोडीने सुरुवातीपासून पासच म्हटले. सासऱ्यांनी ‘एक बदाम’ म्हटले, सासूबाईंनी ‘दोन बदाम’. त्यावर सासरे ‘तीन चौकट’ म्हणाले आणि सासूबाईंनी क्षणभर विचार करून सरळ ‘चार बदाम’, म्हणजे बदाम हुकूम धरून दहा हात करण्याची बोली, सांगितली. दहा हात झाले. दुसऱ्या टेबलावरची जोडी ‘तीन बदाम’वर थांबली होती आणि तिथेही दहाच हात झाले.

चुलत सासऱ्यांचे म्हणणे असे की दोघांच्या मोठ्या पानांचे मिळून जेमतेम एकवीस गुण होतात, गेमला (मोठे बक्षीस असलेल्या बोलीला, इथे ‘चार बदाम’ला) पंचवीस तरी लागतात, तेव्हा हा निव्वळ नशिबाचा भाग आहे. सासूबाई म्हणतात की त्यांनी गुण मोजलेच नाहीत, पाने पाहिली. मी अजून शिकते आहे. पाने पाहायची म्हणजे नेमके काय पाहायचे, हे कोणी समजावून सांगेल का?

उत्तर १ – जुना भिडू

सासूबाईंची बोली अगदी बरोबर आहे आणि तिच्यात नशिबाचा वाटा फार थोडा आहे.

एक्क्याला चार, राजाला तीन, राणीला दोन, गुलामाला एक ही मोजणी नो ट्रम्पच्या, म्हणजे हुकूम नसलेल्या, डावासाठी चांगली आहे, कारण तिथे हात मोठ्या पानांनीच होतात. हुकमाच्या डावात हात दोन मार्गांनी होतात, मोठ्या पानांनी आणि मारलेल्या हुकमांनी, आणि या दुसऱ्या मार्गाचा हिशेब त्या मोजणीत नाही. ‘दोन बदाम’ म्हणेपर्यंत सासूबाईंची पाने पाच गुणांचीच होती, यात शंका नाही. पण ‘तीन चौकट’ हा प्रश्न होता. भिडू सांगत होता, ‘माझ्याकडे चौकटची तीन-चार पाने आहेत, त्यांत हात जाण्याची भीती आहे, तुमची काही मदत होईल का?’ या प्रश्नाला राजा आणि एकच छोटे पान, शिवाय चार हुकूम, याहून चांगले उत्तर क्वचितच मिळते.

हात मोजून पाहा. चौकटचा राजा, मग एक्का, आणि उरलेली दोन चौकट डमीच्या, म्हणजे सासूबाईंच्या टेबलावर उघड्या मांडलेल्या पानांतल्या, हुकमांनी मारायची. पहिल्यांदा बदामाच्या नवव्याने मारावे म्हणजे भीती फक्त दहिल्याची राहते, दुसऱ्यांदा राणीने. सासऱ्यांच्या हातातले पाच हुकूम, चौकटचे दोन, मारलेले दोन आणि इस्पिकचा एक्का मिळून दहा होतात. जातात ते इस्पिकचा एक आणि किलवरचे दोन. बाहेरचे चार हुकूम एकाच हाती असण्याची शक्यता साधारण दहा टक्के आहे. तसे नसेल तर डाव क्वचितच बुडेल.

आता सासूबाईंना वेगळी पाने देऊन पाहू. इस्पिक : राणी, गुलाम, ५. बदाम : राणी, ९, ६. चौकट : ८, ७, ५. किलवर : राणी, गुलाम, ६, ३. हे आठ गुण आहेत, म्हणजे आधीपेक्षा तीन जास्त, आणि दोघांचे मिळून चोवीस. तरीही ‘चार बदाम’ बहुतेक वेळा बुडेल, कारण चौकटचे किमान दोन आणि किलवरचे दोन हात जाणार आणि इस्पिकच्या राजाची चिंता वेगळीच. राण्या आणि गुलाम आहेत, पण भिडूने जिथे मदत मागितली तिथे एकही चित्र नाही. या पानांवर मी ‘तीन बदाम’ म्हणून थांबेन.

उत्तर २ – गणिताच्या बाई, इंदूर

वरच्या उत्तरात पानांचा विचार पूर्ण आला आहे. मी गुणफलकाची बाजू मांडते, कारण बोलीचा निर्णय तिच्यावाचून होत नाही.

हॅरल्ड व्हँडरबिल्ट यांनी १९२५ च्या सुमारास या खेळाच्या गुणपद्धतीला जे रूप दिले, त्यात गेमचे बक्षीस बोललेल्यालाच मिळते. नुसते दहा हात करून ते मिळत नाही. व्हल्नरेबल असताना ‘चार बदाम’ बोलून केले तर ६२०, आणि ‘तीन बदाम’ बोलून दहा हात केले तर १७०. हा ४५० चा फरक म्हणजे १० आयएमपी. उलट, गेम बोलून एका हाताने बुडालात तर १०० गुण विरुद्ध बाजूला जातात आणि ‘तीन बदाम’चे १४० हुकतात, २४० चा हा फरक ६ आयएमपी होतो. म्हणजे सहा गमावण्याची तयारी ठेवून दहा मिळवायचे असतात, आणि सोळांपैकी सहा म्हणजे साडेसदतीस टक्के एवढी शक्यता असली तरी गेम बोलणे तोट्याचे ठरत नाही. व्हल्नरेबल नसाल तर हाच हिशेब ६ विरुद्ध ५ होतो आणि सुमारे पंचेचाळीस टक्के शक्यता लागते. जोड्यांच्या स्पर्धेत किती गुणांनी जिंकलात याला महत्त्व नसते, म्हणून तिथे निम्म्याहून अधिक खात्री हवी.

त्यामुळे चुलत सासऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे की, संघाच्या खेळात व्हल्नरेबल असताना गेम कधीच बुडत नसेल, तर आपण बोलायला हवे होते असे बरेच गेम सोडून देत आहोत असे समजावे.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आणखी दोन शंका आहेत. सासूबाईंकडे चारऐवजी तीनच हुकूम असते तर? आणि चौकटचा राजा नसून किलवरचा असता तर?

उत्तर ३ – टिळकनगर

तीन हुकूम असते, म्हणजे राणी, ९, ६ आणि इस्पिकचे एक पान जास्त, तर बाहेर पाच हुकूम राहतात. ते ३-२ वाटले जाण्याची शक्यता अडुसष्ट टक्के आहे, त्यातून चौकट मारताना दहिला वर पडण्याचा धोका वजा करावा लागतो. तरीही शक्यता निम्म्याच्या आसपास किंवा थोडी वर राहते, म्हणून तुमच्या रविवारच्या खेळात मी बोलेन. जोड्यांच्या स्पर्धेत मात्र बराच विचार करेन.

किलवरचा राजा असता तर मी थांबलो असतो. त्याच्यासमोर ७ आणि २ आहेत, म्हणजे एक्का सोयीच्या बाजूला असेल तरच तो कामाला येणार, आणि भिडूने विचारलेल्या चौकटचा प्रश्न तसाच राहणार. विरोधकांनी मध्येच किलवर बोलली असती तर एक्का कुठे आहे याचा अंदाज आला असता. बोलणारा राजाच्या आधी खेळत असेल तर राजाची किंमत वाढते, नंतर खेळत असेल तर जवळजवळ संपते.

एक गोष्ट वर कोणी लिहिली नाही, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ‘तीन चौकट’ या बोलीचे दोन अर्थ प्रचारात आहेत. आपण सर्वांनी ‘चौकट लांब आहे, मदत हवी’ हा अर्थ धरला. पण काही जोड्यांमध्ये तिचा अर्थ ‘चौकटचे एखादेच पान आहे किंवा अजिबात नाही’ असा ठरलेला असतो. त्या पद्धतीत सासूबाईंचा चौकटचा राजा एकट्या पानासमोर पडून वाया गेला असता आणि याच पानांवर ‘तीन बदाम’ हेच योग्य उत्तर ठरले असते. तुमच्या घरी कोणती पद्धत ठरली आहे?

प्रश्नकर्ती

आत्ताच विचारून आले. पहिल्यापासून लांब पानांचीच पद्धत आहे, असे दोघेही म्हणाले. चुलत सासऱ्यांच्या जोडीचे मात्र असे काही ठरलेलेच नाही.

उत्तर ३ – टिळकनगर

मग पुढच्या रविवारी पत्ते पिसण्यापूर्वी त्यांच्या जोडीने एक अर्थ ठरवून बोलींचे ठरलेले अर्थ नोंदवायच्या आपल्या कार्डावर लिहून ठेवावा आणि विरोधकांनी विचारल्यास तो सांगावा, कारण बोलीचा ठरलेला अर्थ जाणून घेण्याचा त्यांना हक्क असतो. नव्याने ठरवणाऱ्यांना मी लांब पानांचा अर्थच सुचवेन, कारण तो समजायला सोपा आहे आणि पहिली बोली करणाऱ्याच्या हातात ५-४ अशी (एका रंगाची पाच, दुसऱ्याची चार) पाने वारंवार येतात.