सुझाना राहू दे, काजळी पुसा

एकाने लिहिलंय की सोसायटीच्या गॅदरिंगला मुलं ‘ओ! सुझाना’ म्हणतात, त्यात कसला आलाय वर्णद्वेष, गोड गाणं आहे. गोड आहेच. पण अमेरिकन गीतकार स्टीफन फॉस्टरचं १८४८चं हे गाणं गाजलं ते मिन्स्ट्रेल शोमध्ये. गोरे नट जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासून काळ्यांची टिंगल करायचे, ते हे खेळ. मूळ दुसऱ्या कडव्यात पाचशे काळे मेल्याचा उल्लेख आहे, शिवीसकट, तोही विनोद म्हणून! ते कडवं आज कुणी शिकवत नाही.

अशाच जुन्या गाण्यांपैकी एक अमेरिकेतल्या केंटकी राज्याचं राज्यगीत; त्यातला काळ्यांबद्दलचा खटकणारा शब्द १९८६ मध्ये बदलला. व्हर्जिनिया राज्याने १९९७ मध्ये आपलं राज्यगीत बाजूलाच ठेवलं, आणि गंमत म्हणजे ते रचणारा जेम्स ब्लँड स्वतः कृष्णवर्णीय. तेव्हा सरसकट नियम नकोच.

मला जास्त खुपतो तो सुझानानंतरचा आयटम. ‘आदिवासी नृत्य’ म्हणून पोरांना काळं रंगवायचं, कमरेला क्रेप पेपरची पानं, हातात पुठ्ठ्याचे भाले, आणि हू हू करत उड्या. अहो, गोरेगावात आरेच्या पाड्यांवर वारली राहतात! वाळक्या भोपळ्याचं तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य, वाजवणाऱ्याभोवती धरलेला फेर, यात काजळी कुठे आली? त्यांनाच बोलवा की, आणि ऑर्केस्ट्राला देता तसं रीतसर मानधन द्या. सुझानाची चाल कुणी माउथ ऑर्गनवर वाजवली तर माझी काही हरकत नाही.